अळवावरचं पाणी आणि निळी पानं

आजचा भाग ऐकण्याआधी जमलं तर एक अळूचं पान हाताशी घ्या आणि त्यावर चमचाभर पाणी ओता. पाणी पानाला भिजवत नाही. त्याचे टपोरे मोती होतात, इकडून तिकडे धावतात आणि पान जरा कललं की खाली पडतात. पान कोरडंच्या कोरडं राहतं. आपल्या भाषेने हे फार पूर्वी पाहिलं आणि क्षणभंगुर गोष्टीला ‘अळवावरचं पाणी’ म्हणायला सुरुवात केली.

पाठीला पंप अडकवून शेतात उतरणाऱ्या माणसाला हाच वाक्प्रचार रोज प्रत्यक्षात भेटतो. कोबी, कांदा, वाटाणा, भात, गहू या सगळ्या पानांवर मेणाचा बारीक थर असतो. पावसाचं पाणी साचू नये, त्यात बुरशी वाढू नये, म्हणून झाडाने केलेली ती सोय. आपण त्याच पानावर औषधाचं पाणी मारतो आणि ते तिथेच राहावं अशी अपेक्षा करतो. झाडाला पावसाचा थेंब कोणता आणि आपला कोणता, हे कळायला काही मार्ग नाही. दोन्ही घरंगळतात.

कीटकनाशकांचा इतिहास सांगताना आपण बहुतेक वेळा विषांची नावं सांगतो. आधी गंधक, मग मोरचूद, मग शिसं आणि आर्सेनिक, मग डीडीटी, आणि पुढची रांग. हे विष पानावर थांबलं कसं, आणि जे थांबलं नाही ते कुठे गेलं, हा प्रश्न त्या यादीत हरवतो. माझ्या मते खरा इतिहास तिथेच आहे, आणि त्याची सुरुवात फ्रान्समधल्या एका रस्त्याच्या कडेला होते.

साल १८८२, ऑक्टोबरचा शेवट. फ्रान्सच्या नैर्ऋत्येला बोर्दो शहराजवळचा मेडॉक हा द्राक्षांचा मुलूख. तिथले बागायतदार आधीच मेटाकुटीला आले होते. फायलोक्सेरा नावाच्या किडीने मुळं खाल्ली होती. तिच्यावर उपाय म्हणून अमेरिकेतून चिवट मुळांच्या वेली आणल्या, तर त्यांच्याबरोबर १८७८च्या सुमारास नवा रोग आला. आपले नाशिकचे बागायतदार ज्याला डाऊनी म्हणतात, तो हा केवडा. पानांच्या खाली पांढरी लव येते, पानं करपतात, गळतात, आणि उघडी पडलेली द्राक्षं पिकतच नाहीत.

पिएर मिलार्दे हे बोर्दो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. सँ-ज्युलियँ गावाजवळून जाताना त्यांना दिसलं, की मळ्यातल्या सगळ्या वेली उघड्याबोडक्या झाल्यात, पण अगदी रस्त्यालगतच्या काही ओळींवर पानं शाबूत आहेत. जवळ जाऊन पाहिलं तर त्या पानांवर निळसर-पांढरे डाग. मिलार्देंनी बोकायू या बागेचे व्यवस्थापक एर्नेस्ट दाव्हिद यांना विचारलं. उत्तर साधं होतं. येणारे-जाणारे द्राक्षं तोडतात, म्हणून रस्त्याकडच्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचं पाणी शिंपडायची इथे पद्धत आहे. पानं विषारी दिसली की चोर हात लावत नाहीत.

म्हणजे ते मिश्रण रोगासाठी बनवलेलंच नव्हतं. दिसण्यासाठी बनवलेलं होतं. आणि दिसायचं असेल तर पानावर टिकायलाच हवं. पहिल्या पावसात धुऊन जाणारा रंग चोराला काय घाबरवणार? चोरांच्या भीतीने लोकांनी अशी कृती शोधून ठेवली होती जी आठवडेच्या आठवडे पानाला धरून राहते. तांबं बुरशीला मारतं हे तेव्हाच्या शास्त्रज्ञांना नवं नव्हतं. गव्हाचं बी पेरण्याआधी मोरचुदाच्या पाण्यात बुडवायची रीत युरोपात जुनीच होती. पण नुसतं मोरचुदाचं पाणी पानावर मारलं तर दोन गोष्टी होतात: पान भाजतं, आणि पाऊस आला की औषध वाहून जातं.

चुन्याने काय केलं ते इथे समजून घेऊ. मोरचूद पाण्यात पूर्ण विरघळतं. त्यात चुन्याची निवळी-गाळ ओतला की दोघांची अभिक्रिया होऊन निळा, लुसलुशीत, जवळपास खिरीसारखा साका तयार होतो. तांबं आता पाण्यात विरघळलेलं राहिलेलं नसतं, त्या साक्याच्या सूक्ष्म कणांत अडकलेलं असतं. हा साका पानावर पडून वाळला की त्याचा पातळ पापुद्रा बसतो आणि साध्या पावसाने तो सुटत नाही. दव पडलं, पावसाची सर आली, की त्यातून अगदी थोडं तांबं सुटतं. बुरशीचे बीजाणू मारायला पुरेल इतकं, पान भाजायला पुरणार नाही इतकं. चुना हाच इथला डिंक, आणि चुना हीच तांब्याची तिजोरी.

मिलार्देंनी रसायनशास्त्रज्ञ उलिस गायों यांच्या मदतीने पुढची अडीच-तीन वर्षं प्रयोग केले आणि १८८५मध्ये निष्कर्ष छापले. दाव्हिद यांच्याच देखरेखीखालच्या दोझाक बागेत मोठ्या प्रमाणावर चाचणी झाली. बोर्दो गावाचं नाव त्या मिश्रणाला चिकटलं ते आजतागायत. आपण त्याला बोर्डो म्हणतो. तांब्याची वारुणी कोण पिणार, ही शंका लगेच आली. गायोंनी तयार वाइनमधलं तांबं मोजून दाखवलं: नगण्य.

सुरुवातीची कृती ऐकून आजचा शेतकरी डोक्याला हात लावेल. ८ किलो मोरचूद १०० लिटर पाण्यात, आणि १५ किलो चुना ३० लिटर पाण्यात, दोन्ही एकत्र. मारायचं कसं? बादली आणि काटक्यांचा छोटा झाडू. झाडू बुडवायचा आणि वेलीवर झटकायचा. पानावर पडायचं तितकंच जमिनीवर आणि झटकणाऱ्याच्या कपड्यांवर. आज आपल्याकडे एक टक्का बोर्डोची शिफारस असते: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. म्हणजे तीव्रता जवळजवळ सहा पटींनी खाली आली. विष बदललं नाही, बुरशीही तीच. बदलला तो थेंब. १८८०च्या दशकातच व्हिक्टर व्हेर्मोरेल यांनी व्हिलफ्रांश गावात पाठीवरचा तांब्याचा पंप बनवायला घेतला, आणि अमेरिकेत चार्ल्स रायली यांच्या चमूने पाण्याला आत गरगर फिरवून बारीक तुषार काढणारं नोझल तयार केलं. आजच्या कोणत्याही पाठपंपाचं नोझल उघडून पाहा, आत ती गिरकी सापडेल.

बारीक थेंब झाले तरी मेणाचा प्रश्न सुटत नाही. त्यासाठी थोडं मागे, १८०५ सालात जाऊ. लंडनमधले डॉक्टर थॉमस यंग यांनी द्रवांच्या चिकटपणावर निबंध लिहिला. थेंब पृष्ठभागाला ज्या कोनात भिडतो, तो कोन ठरलेला असतो, हे त्यांनी मांडलं. कोन लहान असेल तर थेंब पसरतो, मोठा असेल तर गोळा होऊन बसतो. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात, मेणाशी त्यांचं जमत नाही, म्हणून ते शक्य तितके आपल्याआपल्यात गोळा होतात. अळूच्या आणि कमळाच्या पानावर मेणाच्या खाली सूक्ष्म उंचवटे असतात, थेंब त्या टोकांवर तोललेला राहतो आणि खाली हवा अडकते. यंग यांच्या डोळ्यांसमोर शेती नव्हती. पण पुढे जे जे फवाऱ्यात मिसळलं गेलं, त्याचा हिशोब या कोनातच होतो.

साबण टाकला की पाण्याची एकमेकांवरची पकड सैल होते आणि तोच थेंब पानावर पसरतो. १८८०च्या दशकात अमेरिकेत रॉकेल, साबण आणि पाणी घुसळून केलेलं दुधाळ औषध खवल्या किडींवर सर्रास वापरलं जाई. बोर्डोमध्येही कुणी साबण घातला, कुणी मळी, कुणी साय काढलेलं दूध. आपल्या कृषी विद्यापीठांच्या शिफारशीतला ५ टक्के निंबोळी अर्क आठवा. त्यात शंभर लिटरला २०० ग्रॅम साबणचुरा सांगितलेला असतो. कडुनिंबाचं काम कडुनिंब करतो, साबण फक्त त्याला पानावर बसवतो.

आता मंडळी, पसरणं आणि टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साबणाने पसरलेलं औषध पुढच्या पावसात साबणासकट धुऊन जातं. फ्रान्समध्ये हे खपून जाई. जिथे चार महिने आभाळ फाटलेलं असतं तिथे काय करायचं?

इथे गोष्ट भारतात येते. मैसूर संस्थानाचा पश्चिमेकडचा डोंगराळ भाग म्हणजे मलनाड. शृंगेरी, तीर्थहळ्ळी, सागर. याच पट्ट्यातल्या आगुंब्याला वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इथे सुपारीच्या बागा पिढ्यानपिढ्या आहेत आणि त्यांना एक जुना शत्रू. पावसाळा रंगात आला की कोवळ्या सुपाऱ्यांवर पाणी भिनल्यासारखे डाग पडतात, फळं कुजतात आणि सडा पडावा तशी झाडाखाली गळतात. कन्नडमध्ये ‘कोळे’ म्हणजे कुजणं, म्हणून कोळेरोग. शिमोगा-शिरसीकडच्या आपल्या श्रोत्यांना हे सांगायची गरज नाही. सिंधुदुर्ग-रत्नागिरीतला बागायतदारही हाच शब्द वापरतो. कन्नड नाव घाट उतरून मराठीत आलं आणि मराठीच झालं.

लोक हात बांधून बसले नव्हते. पावसाआधी झाडावर चढून प्रत्येक घडावर, म्हणजे कोकणातल्या शिंपुटावर, गवताचा किंवा सुपारीच्या विरीचा टोप बांधायचा. त्याला तिथे ‘कोट्टे’ म्हणत. सुपारीलाच इरलं घातल्यासारखं. उपाय चांगला, पण हजार झाडांची बाग असेल तर टोप विणायचे किती, चढणारी माणसं आणायची कुठून?

१९०८ साली लेस्ली कोलमन नावाचे कॅनेडियन शास्त्रज्ञ संस्थानात बुरशी आणि कीटकांचे तज्ज्ञ म्हणून रुजू झाले. पुढे ते संस्थानाच्या कृषी खात्याचे संचालक झाले. कोळेरोगाचा त्यांनी पहिला पद्धतशीर अभ्यास केला आणि १९१०मध्ये त्यावर पुस्तिका प्रसिद्ध केली. रोगाचं कारण त्यांना सापडलं ते फायटोप्थोरा. आयर्लंडमध्ये १८४५नंतर बटाट्याचा दुष्काळ आणणारी बुरशी याच कुळातली, आणि मेडॉकच्या केवड्याशीही तिचं नातं. तेव्हा उपायही तोच असणार हे ओघानेच आलं. बोर्डो.

पण मेडॉकमधल्या वेलीला जे पुरत होतं ते मलनाडात पुरेल का? तिथे फवारा वेलीच्या खडबडीत पानावर मारायचा होता, इथे गुळगुळीत, चकचकीत हिरव्या सुपारीवर. आणि झाडाची उंची चाळीस-पन्नास फूट. जूनमध्ये पाऊस लागला की पुन्हा चढायची सोय नाही, बुंधे शेवाळाने निसरडे होतात. एकदा मारलेलं औषध सहा-सात आठवडे धुवांधार पावसात टिकलं, तरच त्याला अर्थ.

दक्षिणेतल्या सुपारीच्या आणि कॉफीच्या मळ्यांत यावर जो तोडगा रुळला तो मला फार आवडतो. राळ आणि धुण्याचा सोडा पाण्यात उकळायचा. त्यातून राळेचा साबण तयार होतो. तो बोर्डोत ओतला, की मिश्रणातला चुना त्याच्याशी संयोग पावतो आणि पाण्यात न विरघळणारा चिकट पदार्थ बनतो. म्हणजे फवारताना तो साबण असतो, फळावर पसरायला मदत करतो. आणि वाळल्यावर तो राळ होतो, पावसाला दाद देत नाही. पसरणं आणि टिकणं, दोन्ही कामं एकाच पातेल्यातून. होडीच्या फटी राळेने बुजवणाऱ्या किनाऱ्याला या युक्तीचं नवल वाटलं नसावं.

बोर्डोचे काही नियमही याच चिकटण्यातून आले आहेत. मिश्रण त्याच दिवशी वापरा, असं सांगतात. कारण शिळ्या साक्याचे बारीक कण एकत्र येऊन जाड होतात आणि जाड कण फळाला नीट धरत नाहीत. औषध ‘उतरतं’ असं शेतकरी म्हणतो ते यासाठी. आणि लोखंडी सळई किंवा विळा बुडवून बघायची ती परीक्षा: त्यावर तांबूस पुट चढलं तर तांबं अजून मोकळं आहे, चुना कमी पडला. प्रयोगशाळा नसलेल्या माणसाची ती प्रयोगशाळा.

चिकटणं म्हणजे चांगलंच, असं मात्र समजू नका. अमेरिकेत १८९०च्या दशकात मॅसॅच्युसेट्समध्ये झाडं फस्त करणाऱ्या जिप्सी पतंगाविरुद्ध लेड आर्सेनेट पुढे आलं. आधीच्या पॅरिस ग्रीनपेक्षा ते पानाला कमी भाजायचं आणि जास्त टिकायचं. सफरचंदवाले खूश झाले. इतकं टिकायचं की फळ बाजारात पोचलं तरी आर्सेनिक सालीवरच. १९२०च्या दशकाच्या मध्यात ब्रिटनमध्ये अमेरिकी सफरचंदांवरच्या आर्सेनिकवरून गदारोळ झाला आणि पुढे सफरचंदं सौम्य आम्लात धुऊन पाठवायची वेळ आली. त्या जुन्या बागांच्या मातीत शिसं आणि आर्सेनिक आजही सापडतं. बोर्डोचंही तेच. दीड शतक जे तांबं पानावर टिकलं ते पान गळल्यावर मातीत गेलं, आणि माती तांबं सोडत नाही. युरोपीय संघाने २०१९पासून हेक्टरी सात वर्षांत २८ किलो तांब्याची मर्यादा घातली आहे. मिलार्देंच्या मूळ कृतीने चालणारा बागायतदार त्या मर्यादेत बसलाच नसता.

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आणि त्याची भावंडं आली. स्वस्त, जहाल, मुबलक. चिकटण्याचं शास्त्र थांबलं नाही, पण बांधावर त्याची निकड संपल्यासारखी झाली. पानं ठिबकेपर्यंत मारा, हा सल्ला रूढ झाला. ठिबकणारं प्रत्येक टिपूस म्हणजे पैशाने विकत घेतलेलं आणि जमिनीला दिलेलं विष, हे त्या सल्ल्यात कुणी मोजलं नाही. आपल्याकडे कृषी सेवा केंद्रात मिळणारी स्टिकरची बाटली, आणि पुढे सिलिकॉनवाली, ही त्यातून हळूहळू आलेली दुरुस्ती. सिलिकॉनचं पाणी पानावर असं पसरतं की पाहत राहावं. पण तेही मापात. जास्त टाकलं, पाणीही जास्त मारलं, तर पसरलेलं सगळं पानाच्या टोकावरून खाली.

गंमत म्हणजे थेंब नेमका निसटतो कधी, हे नीट दिसलं ते वेगवान कॅमेरे आल्यावर. थेंब आदळतो, डोळ्याचं पातं लवण्याच्या कितीतरी आधी पोळीसारखा पसरतो, मग आखडतो, आणि आखडण्याच्या जोरावर चेंडूसारखा उसळतो. पसरताना तर तो पानाला चांगला भिडलेला असतो! घात परतीच्या प्रवासात होतो. २००० साली फ्रान्समधल्या व्हान्स बर्जरॉन, डॅनियल बॉन आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं, की पाण्यात लांब साखळ्यांचं पॉलिमर लिटरमागे ग्रॅमच्या अंशाइतकं टाकलं, तरी हा परतीचा वेग मंदावतो. शेवयांच्या गुंत्यासारखे ते रेणू ताणाला विरोध करतात आणि थेंब जागेवर बसतो.

२०१६मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत कृपा वाराणसी आणि माहेर दमाक यांच्या गटाने वेगळी वाट धरली. वाराणसी हे आयआयटी मद्रासचे पदवीधर, आणि या कामाला टाटा ट्रस्ट्सच्या पाठबळाने चालणाऱ्या एमआयटीतल्या केंद्राचं साहाय्य होतं. त्यांनी फवाऱ्याचे दोन भाग केले. एकात धन विद्युतभाराचं पॉलिमर, दुसऱ्यात ऋण. दोन्हीचे थेंब पानावर एकमेकांना भेटले की तिथेच सूक्ष्म साका तयार होतो, आणि तो खुंटीसारखा थेंबाला धरून ठेवतो. मी हे वाचलं तेव्हा मला मेडॉकची बादली आठवली. मोरचूद आणि चुना, दोन निरुपद्रवी दिसणारी पाणी, एकत्र आली की साका. फरक इतकाच की मिलार्देंचा साका बादलीत होतो आणि यांचा पानावर. त्यानंतर त्याच गटाने थेंबाभोवती तेलाचं अतिपातळ आवरण चढवूनही उसळी थांबवली. रॉकेलच्या दुधाळ औषधाची पणती म्हणायला हरकत नाही.

हे सगळं प्रयोगशाळेतलं कौतुक आपल्यापर्यंत का पोचायला हवं, त्याचं उत्तर यवतमाळमध्ये आहे. २०१७च्या पावसाळ्यात तिथे कापसावर फवारणी करताना शेकडो माणसं विषबाधेने रुग्णालयात गेली आणि वीसहून अधिक दगावली. बरेच जण दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणारे मजूर होते. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती, फवारा वर मारावा लागत होता, आणि मारणारा त्याच धुक्यातून पुढे चालत होता. अंगावर साधा सदरा. चिकटद्रव्य नीट असतं तर हे टळलं असतं, असं मी म्हणणार नाही. तिथे जहाल औषधं होती, चार औषधांची सरमिसळ होती, हातमोजे आणि मास्क नव्हते. पण पिकाला न लागलेला थेंब जातो कुठे, याचा हिशोब त्या दवाखान्यांत मांडला गेला. मेडॉकमध्ये झाडू झटकणाऱ्याच्या कपड्यांवर पडलेलं निळं पाणी आणि हे, यांत मला एकच धागा दिसतो. तेव्हाच्या थेंबात तांबं होतं, आताच्या थेंबात मज्जासंस्थेवर घाला घालणारं रसायन.

आणि मलनाडात, कोकणात, गोव्यात? मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला आजही बागांत मोरचूद आणि चुन्याची पिंपं दिसतात. एकजण खाली पंप मारतो, वर चढलेला माणूस नळीचं तोंड शिंपुटाकडे धरतो, खालच्या सगळ्यांच्या डोक्यावर निळा शिडकावा होतो. दुसरी फवारणी पहिलीनंतर चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, म्हणजे नेमकी भर पावसात. तेव्हा बागायतदाराला हवी असते ती फक्त उघडीप. दोन-चार तास ऊन पडलं, फळ कोरडं झालं आणि त्यावर बोर्डो सुकलं, की काम झालं. त्या उघडिपीला पर्याय ना राळेने दिला, ना सिलिकॉनने. ती मिळेलच अशी खात्री नसलेले काही बागायतदार पावसाआधीच घडाला प्लास्टिकची पिशवी बांधतात. संशोधन केंद्रंही ती सुचवतात. कोलमन आले तेव्हा लोक जे गवताचं बांधत होते, तेच आता पॉलिथिनचं.